खिळ्यांच्या पेटींत नसलेलीं अक्षरें

लेखणी आणि छापण्याचें यंत्र यांच्यांत एक मूलभूत भेद आहे. लेखणीच्या टोंकांतून कोणतीही रेघ, कोणतेंही टिंब, कोणतेंही वळण उतरूं शकतें. यंत्राचें तसें नाहीं. त्याला आधीं जीं अक्षरें दिलीं असतील तेवढींच तें उमटवितें. जुळाऱ्यापुढील पेटींत ज्या अक्षराचें घर रिकामें आहे, तें अक्षर कागदावर यावयाचें नाहीं. मग लेखक कितीही विद्वान असो आणि शब्द कितीही महत्त्वाचा असो.

असा प्रसंग आला म्हणजे तीन वाटा उरतात. अक्षर गाळून टाकावें, ही पहिली. त्याच्या जागीं दुसरें कांहींतरी बसवून वेळ निभावून न्यावी, ही दुसरी. आणि नसलेलें अक्षर नव्यानें घडवावें, ही तिसरी. मराठी भाषेनें गेल्या चारशें वर्षांत या तिन्ही वाटा चोखाळल्या आहेत. खिळे गेले आणि संगणक आले तरी प्रश्न तोच राहिला आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहणें हें केवळ कुतूहलाचें काम नव्हे.

भारतांत छपाईचें यंत्र प्रथम गोव्यांत १५५६ सालीं आलें. त्यानंतर साठ वर्षांनीं, म्हणजे १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ गोव्यांतील रायतूर येथें छापून निघालें. ग्रंथ मराठी, रचना ओवीबद्ध. परंतु त्याचीं अक्षरें मात्र रोमन होतीं, कारण नागरी खिळे हाताशीं नव्हते. रोमन लिपींत ‘ळ’ नाहीं, म्हणून ‘ल’चें अक्षर दोनदां जोडून ‘ळ’ दाखवावा लागला. ही दुसरी वाट झाली. ग्रंथ तरला, श्रद्धाळू जनांच्या पाठांत राहिला. परंतु बाळबोध वाचणाऱ्या बहुसंख्य मराठी समाजाला तो दीर्घकाळ परका राहिला. अक्षर उसनें घेतलें म्हणजे वाचकवर्गही बदलतो, ही गोष्ट येथें प्रथम दिसून आली.

तिसऱ्या वाटेचा पहिला ध्यास एका व्यापाऱ्यानें घेतला. सुरतेचे भीमजी पारेख यांना आपल्या देशाचे ग्रंथ आपल्या अक्षरांत छापावेत अशी इच्छा झाली. त्यांच्या विनंतीवरून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक १६७४ सालीं मुंबईस धाडला. परंतु हिल्स हा छापणारा होता, ठसे कोरणारा नव्हता. देशी अक्षरांचे खिळे त्याच्या हातून उतरले नाहींत आणि भीमजींचा मनोरथ तसाच राहिला. छापणें ही एक कला आहे व अक्षर घडविणें ही दुसरी, हा धडा त्या अपयशानें दिला.

मराठीच्या छपाईचा पाया बंगालमध्यें घातला गेला, हें ऐकून आज नवल वाटेल. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यांनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठीचा अभ्यास केला. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें. त्यांत मराठी शब्द नागरी खिळ्यांनीं छापले आहेत. पुढें १८१० सालीं त्यांचा मराठी कोश निघाला. त्यासाठीं मोडीचे खिळे वापरण्यांत आले, कारण त्या काळीं महाराष्ट्रांतील रोजचा व्यवहार मोडींतच चालत असे.

याच श्रीरामपुरास कॅरे यांचे सहकारी जोशुआ मार्शमन हे चिनी भाषेच्या मागें लागले होते. त्यांचें चिनी व्याकरण १८१४ सालीं छापलें गेलें आणि चिनी बायबल १८२२ सालीं पुरें झालें. त्यासाठीं चिनी अक्षरांचे धातूचे खिळेही तेथें तयार करण्यांत आले. एकाच छापखान्यांत मराठी आणि चिनी या दोन लिपींचीं उणीं अक्षरें घडविण्याचें काम चालू होतें.

या दोन लिपींच्या अडचणी मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. चिनी लिपींत साधारणपणें प्रत्येक अर्थवान् शब्दखंडाला स्वतंत्र अक्षर असतें. १७१६ सालीं पुऱ्या झालेल्या कांगशी सम्राटाच्या कोशांत सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरें आहेत. इतके खिळे कोणत्याही पेटींत मावत नाहींत. तेव्हां कोठें ना कोठें एखादें अक्षर उणें पडणारच. नागरीचीं मूळ अक्षरें पन्नासांच्या आसपास. परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरें यांच्या संयोगानें त्यांचीं रूपें शेंकड्यांनीं होतात. चिनी जुळाऱ्याला नवें अक्षर लागतें, तर मराठी जुळाऱ्याला जुन्याच अक्षराचा नवा जोड लागतो. दोघांच्याही पेटींत शेवटीं रिकामें घर राहतें तें राहतेंच.

मुंबईंत या अडचणीवर प्रथम एक सोपा तोडगा निघाला. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें. शिळेवर हस्ताक्षर जसेंच्या तसें उतरतें. म्हणून शिळाप्रेसला उणें अक्षर असें नसतेंच. परंतु प्रत्येक पृष्ठ आरंभापासून अखेरपर्यंत हातानें लिहावें लागतें आणि एका पृष्ठाचे श्रम दुसऱ्या पृष्ठाच्या उपयोगीं पडत नाहींत. स्वतः गणपत कृष्णाजींनीं पुढें खिळ्यांचाही अवलंब केला, तो यामुळेंच.

खिळे घडविण्याच्या विद्येंत मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील टॉमस ग्रॅहॅम यांचें नांव मोठें आहे. याच छापखान्यांत काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना जोड मिळाली. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ शुद्धतेविषयीं व अक्षरांच्या रेखीवपणाविषयीं सर्व देशांत नांवाजले गेले.

एक खिळा कसा तयार होई, हें पाहण्यासारखें आहे. प्रथम पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याची खोलगट प्रतिकृति घ्यावयाची. तिला मातृका म्हणत. मातृका सांच्यांत बसवून त्यांत शिशाचा वितळलेला मिश्र धातु ओतला कीं खिळा तयार. एका मातृकेंतून हजारों खिळे निघतात. पण पहिला ठसा कोरणाऱ्याचा हात आणि डोळा यांवर सर्व कांहीं अवलंबून असतें. म्हणून एखाद्या ग्रंथकारास आगळें जोडाक्षर पाहिजे असलें म्हणजे छापखान्याचा मालक कपाळाला आंठ्या घालीत असे. एका शब्दासाठीं ठसा कोण कोरणार?

या खर्चामुळें आणि पुढें निघालेल्या जुळणीयंत्रांमुळें एक उलटा विचार बळावला. यंत्र लिपीला पुरें पडत नाहीं, तर लिपीच यंत्राच्या मापाची कां करूं नये? लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’साठीं खिळ्यांची संख्या सुमारें १९० पर्यंत आणण्याची योजना आंखली. सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळांत लिपिशुद्धीची चळवळ चालविली. ‘अ’चीच बाराखडी करून इ, ई, उ, ऊ हीं स्वतंत्र अक्षरें कमी करावीं, असा त्यांचा आग्रह होता. कांहीं नियतकालिकांनीं ती रीति कित्येक वर्षें पाळली. १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे द्यावी असें ठरविलें. परंतु लोकांना तें रुचलें नाहीं आणि १९५७ सालीं तो निर्णय मागें घ्यावा लागला.

या थोर पुरुषांचा हेतु स्तुत्य होता, यांत संशय नाहीं. स्वस्त छपाईवांचून लोकशिक्षण होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. पण ज्या यंत्रांसाठीं लिपीला कात्री लावावयाची, तीं यंत्रें पन्नास वर्षांतच अडगळींत गेलीं. लिपि मात्र राहिली. ज्या रूपांना डोळा शतकानुशतकें सरावला आहे, तीं रूपें एका यंत्राच्या सोयीसाठीं टाकावयाचीं कीं काय, या प्रश्नाचें उत्तर काळानेंच दिलें.

शिवाय एखादें अक्षर गेल्यानें केवळ शोभा जाते असें नव्हे, कधीं कधीं अर्थही जातो. मराठींत ‘र’चीं दोन अर्धीं रूपें आहेत. एक पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार आणि दुसरें आडव्या चंद्रकोरीसारखें पुढच्या अक्षराला चिकटणारें. संस्कृताला व हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाहीं. मराठीला पदोपदीं पडते. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हिंदीसाठीं घडविलेल्या पेटींत हें दुसरें रूप नसेल, तर मराठी जुळाऱ्यानें काय करावें? तो रफार देऊन मोकळा होतो आणि डोंगराच्या जागीं समुद्र येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खिळ्यांची जागा संगणकानें घेतली. संगणकाला अक्षर दिसत नाहीं; त्याला केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावयाचा आणि पडद्यावर किंवा कागदावर दाखवितांना त्या क्रमांकाचें चित्र काढावयाचें, अशी ही व्यवस्था आहे. चित्रांच्या संचाला फाँट म्हणतात. म्हणजे पूर्वींचें एकच काम आतां दोन ठिकाणीं वांटलें गेलें. अक्षराची ओळख क्रमांकांत आणि त्याचें रूप फाँटमध्यें. उणें अक्षर आतां दोन प्रकारचें असूं शकतें: ज्याला चित्र नाहीं तें, आणि ज्याला क्रमांकच नाहीं तें. चित्राची उणीव एखादा कुशल कारागीर आठवड्याभरांत भरून काढील. क्रमांकाची उणीव एकट्यादुकट्यानें भरून निघत नाहीं, कारण तो क्रमांक सर्व जगानें मान्य करावा लागतो.

याचा सर्वांत कडवा अनुभव चिनी लिपि वापरणाऱ्यांना आला. चीनच्या १९८० च्या अधिकृत संचांत ६,७६३ चिनी अक्षरें होतीं. वर्तमानपत्राला तीं पुरत. पण जुन्या ग्रंथांना आणि माणसांच्या नांवांना पुरत नसत. बापानें हौसेनें ठेवलेल्या नांवांतील दुर्मिळ अक्षर यंत्रांत नाहीं, म्हणून ओळखपत्र मिळण्यास अडचण, अशीं उदाहरणें चीनमध्यें घडलीं. जपानांत अशा संचाबाहेरच्या अक्षरांना ‘गाइजी’, म्हणजे बाहेरचीं अक्षरें, असें नांवच पडलें. प्रत्येक कचेरी आपल्यापुरतें अक्षर घडवी, त्याला स्वतःचा एक खाजगी क्रमांक देई आणि काम भागवी. त्या कचेरींत तें अक्षर बरोबर दिसे. कागद दुसऱ्या कचेरींत गेला कीं त्याच क्रमांकाला तेथें भलतेंच अक्षर उभें राही, नाहींतर रिकामी चौकट दिसे.

तैवानांत १९९८ सालीं चिनी बौद्ध ग्रंथ संगणकावर आणण्याचें काम एका संस्थेनें हातीं घेतलें, तेव्हां अशीं हजारों अक्षरें वाटेंत आडवीं आलीं. तेथील विद्वानांनीं एक शहाणपणाची युक्ति योजिली. उणें अक्षर ज्या दोन-तीन सुट्या अवयवांचें बनलें आहे ते अवयव कंसांत लिहावयाचे आणि ते शेजारीं आहेत कीं वरखालीं हें खुणेनें सांगावयाचें. अक्षर दिसलें नाहीं तरी त्याची ओळख पुसली जात नाहीं. पुढें त्याला क्रमांक मिळाला म्हणजे कंस काढून खरें अक्षर घालतां येतें. उणीव लपविण्याऐवजीं ती नेमक्या शब्दांत नोंदून ठेवावी, हें या युक्तीचें मर्म आहे.

भारतांतही असेंच झालें. भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ नांवाची क्रमांकपद्धति १९८८ सालीं आणि तिचें प्रमाणित रूप १९९१ सालीं ठरलें. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय भाषांच्या या कामांत मोठा वांटा उचलला. परंतु बाजारांत आलेल्या निरनिराळ्या फाँटांनीं आपापले खाजगी क्रमांक चालूच ठेवले. एका छापखान्यांत जुळविलेलें मराठी पुस्तक दुसऱ्या यंत्रावर उघडलें कीं पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी उमटे. त्या काळांत तयार झालेला कितीतरी मराठी मजकूर मूळ फाँट हातीं नसल्यास आज सरळ वाचतां येत नाहीं. तो नष्ट झालेला नाहीं, पण त्याची किल्ली हरवली आहे.

जगांतील सर्व लिपींना एकाच यादींत बसविण्यासाठीं ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति ऑक्टोबर १९९१ मध्यें निघाली. तिच्यांत देवनागरीसाठीं १२८ घरें राखून ठेवण्यांत आलीं, सर्व भरलीं मात्र नाहींत. प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक न देतां मूळ अक्षरें व हलन्त यांचे क्रमांक लागोपाठ ठेवावयाचे आणि जोड फाँटनें करावयाचा, असा नियम ठरला. त्यामुळें टिळकांच्या काळची शेंकडों खिळ्यांची अडचण एका फटक्यांत सुटली. ज्या कामासाठीं लिपीचे अवयव कापावयाचे घाटत होतें, तें काम लिपीला हात न लावतां झालें. अशा फाँटांच्या घडणींत मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचें कार्य चिरस्मरणीय आहे. ‘मंगल’ हा घरोघरच्या संगणकांवर पोंचलेला फाँट त्यांच्याच हातचा.

तरीही मराठीचीं खास घरें भरण्यास वेळ लागला. ‘दऱ्या’तील अर्ध्या ‘र’साठीं दोन मार्ग सांगण्यांत आले. एक, टिंब दिलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याचा, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देण्याचा. दोन्हींनीं कागदावर एकच रूप उमटतें, पण यंत्राच्या लेखीं ते दोन वेगळे शब्द ठरूं शकतात. एकानें एका मार्गानें लिहिलेला शब्द दुसऱ्यानें दुसऱ्या मार्गानें शोधला, तर तो न सांपडण्याचा संभव राहतो. ‘ॲ’ची गोष्टही अशीच. इंग्रजी शब्दांबरोबर हा स्वर मराठींत रुळला. मराठींत त्यासाठीं ‘अ’वर चंद्र देतात. मराठीच्या या रूपाला स्वतःचा क्रमांक एप्रिल २००८ मध्यें मिळाला. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेंत स्थान दिलें.

मोडीला तर त्याहून अधिक वाट पाहावी लागली. कॅरे यांच्या कोशासाठीं १८१० सालीं जिचे खिळे उपयोगांत आले, ती लिपि पुढें छपाईंतून मागें पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली. तिच्यांतील दप्तरें मात्र पुण्याच्या पेशवे दप्तरांत आणि ठिकठिकाणच्या संग्रहांत ढिगांनीं पडून आहेत. अंशुमन पांडे यांनीं २०११ सालीं मोडीविषयीं सविस्तर प्रस्ताव मांडला. जुन्या कागदांतील व पुस्तकांतील नमुने देऊन एकेक अक्षर सिद्ध करून दाखविलें. जून २०१४ मध्यें मोडीचीं ७९ चिन्हें युनिकोडमध्यें दाखल झालीं. दोनशें वर्षांनीं मोडी पुन्हा पेटींत आली.

या सर्व खटाटोपाचें सामान्य माणसाला काय, असें कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्राच्या वायव्य टोंकाकडे पाहावें. नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या दऱ्यांत, नर्मदेच्या कांठीं मणिबेली नांवाचें एक आदिवासी गांव आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखालीं जाणाऱ्या महाराष्ट्रांतील ३३ गांवांपैकीं हें पहिलें. १९९३ च्या सुमारास पाणी गांवाच्या घरांपर्यंत पोंचलें. पुढच्याच वर्षीं, १९९४ सालीं, मोठ्या धरणांना जागतिक बँकेनें द्रव्यसाह्य देऊं नये अशी मागणी करणारें एक पत्रक ३२६ संस्थांनीं काढलें. त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असें नांव देण्यांत आलें. नर्मदाकांठचें हें नांव रोमन अक्षरांत जगभर गेलें. रोमन अक्षरांत ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद उरत नाहीं. फादर स्टीफन्स यांनीं निदान अक्षर दुप्पट करून ‘ळ’ राखला होता. आजचें रोमन लेखन तेवढीही तसदी घेत नाहीं.

मणिबेली हा शब्द संगणकांत सात क्रमांकांनीं नोंदला जातो: म, ण, ऱ्हस्व वेलांटी, ब, मात्रा, ल आणि दीर्घ वेलांटी. उच्चारांत ‘ण’ आधीं आणि त्याचा ‘इ’ नंतर. कागदावर मात्र वेलांटी ‘ण’च्या डावीकडे. जुना जुळारी ती हातानें आधीं बसवीत असे; आतां यंत्र उच्चाराचा क्रम सांभाळतें आणि फाँट तिला तिच्या जागीं नेतो. १९५३ च्या परिषदेला जें साधलें नाहीं, तें लिपीचा मान राखून असें साधलें आहे. पण फाँट सदोष असला कीं वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि गांवाचें नांव विद्रूप होतें.

ज्याचें घर आणि शेत पाण्याखालीं गेलें, त्याच्या हातीं शेवटीं कागद उरतो. कोणत्या गांवचा, कोणाचा मुलगा, कोणत्या गटाचा धनी, हें सर्व कागदावरील अक्षरांवर ठरतें. ‘सातबाऱ्यावर’ हा शब्दच अर्ध्या ‘र’वांचून शुद्ध लिहितां येत नाहीं. दोन कचेऱ्यांतील यंत्रांनीं एकच नांव दोन प्रकारें नोंदलें, तर यंत्राला तीं दोन माणसें वाटतील. चीनमधील ओळखपत्राची अडचण आणि सातपुड्यांतील खातेदाराची अडचण यांचें मूळ एकच आहे.

आणखी एक गोष्ट आहे. या डोंगरांत ज्या भिली कुळांतील बोली बोलल्या जातात, त्यांचें वाङ्मय मुख्यतः मुखोद्गत आहे. गांवें हललीं, वस्त्या पांगल्या, म्हणजे मुखोद्गत वाङ्मय लिहून ठेवण्याची निकड वाढते. तें बहुधा देवनागरींतच लिहिलें जातें. लिहितांना मराठींत नसलेला एखादा उच्चार आढळला, तर संग्राहकानें कोणती वाट धरावी? जवळचें अक्षर घालून वेळ मारून नेली, तर तो उच्चार पुढील पिढीला कळणार नाहीं. स्वतःपुरतें चिन्ह घडवून त्याला खाजगी क्रमांक दिला, तर संग्राहकाच्या यंत्राबरोबर तेंही जाईल. युनिकोडनें अशा खाजगी कामासाठीं मुख्य यादींत ६,४०० घरें मोकळीं ठेविलीं आहेत खरीं. पण तीं धर्मशाळेच्या खोल्यांसारखीं आहेत. तेथें रात्र काढावी, संसार थाटूं नये.

मग उचित मार्ग कोणता? तो वरील इतिहासांतच आहे. चिनी ग्रंथांच्या संपादकांप्रमाणें उणें अक्षर कोठें व कोणतें, हें मजकुरांतच स्पष्ट नोंदावें. आरूंसारख्या कारागिरांप्रमाणें त्याचें रूप शेजारच्या अक्षरांशीं जुळेल असें रेखावें. आणि मोडीच्या अभ्यासकाप्रमाणें, तें अक्षर खरोखर वापरांत आहे याचे लिखित पुरावे, त्याचें नांव, उच्चार आणि वर्णक्रमांतील स्थान यांसह तें सर्वांच्या यादींत नेऊन बसवावें. या तिहींतील पहिलीं दोन कामें एका माणसाच्या हातचीं आहेत. तिसरें काम समाजाचें आहे आणि तें झाल्यावांचून पहिल्या दोहोंचें चीज होत नाहीं.

भीमजी पारेखांपाशीं पैसा होता, इच्छा होती, यंत्रही आलें होतें. उणीव होती ती ठसा कोरणाऱ्या हाताची. आज हात पुष्कळ आहेत आणि यंत्रें तर घरोघरीं आहेत. यंत्रांत नसलेलें अक्षर हें अक्षरच नव्हे, असें मानून तें सोडून देण्याची संवय मात्र सोडली पाहिजे. कोठें एखादें घर रिकामें दिसलें, तर तें भरण्याची मागणी पुराव्यानिशीं करणें हें सुशिक्षित मराठी माणसाचें काम आहे. कारण ज्यांचीं नांवें आणि गाणीं त्या घराअभावीं कागदावर येत नाहींत, त्यांना ही मागणी करण्याची जागाही बहुधा ठाऊक नसते.